हीण, उजाळा आणि मुलामा : सोन्याच्या मनगटी घड्याळाचे शिल्प

मराठी समीक्षेने आपली कितीतरी परिभाषा सराफकट्ट्यावरून उचलली आहे. कवितेचा 'कस' लागतो, ग्रंथ 'कसोटीस' उतरतो, एखादी ओळ 'बावनकशी' ठरते, तर एखादे नाटक 'हीणकस' म्हणून बाजूस सारले जाते. शैलीवर 'मुलामा' असल्याचा आरोप होतो आणि विस्मृत ग्रंथकाराच्या कीर्तीस 'उजाळा' दिला जातो. ही रूपके इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांच्या मुळाशी एक विशिष्ट धातू, त्याचा विशिष्ट व्यवहार आणि त्या व्यवहारातून सिद्ध झालेली एक मूल्यदृष्टी आहे, याचे भान सहसा राहत नाही. संस्कृत 'कष' म्हणजे घासून पारखण्याचा दगड. 'कषपट्टिके'पासून 'कसोटी' आली. 'हीन' म्हणजे उणे, त्यावरून सोन्यात मिसळलेल्या इतर धातूस 'हीण' हे नाव मिळाले. 'उजाळा' हा 'उज्ज्वल'च्या कुळातील शब्द, आणि अरबीतून आलेल्या 'मुलामा' या शब्दाच्या मुळाशीही चकाकण्याचाच अर्थ आहे. एकाच अर्थाचे हे दोन शब्द, परंतु मराठीत एक स्तुतीचा झाला व दुसरा निंदेचा.

साहित्याच्या प्रांतात ही परिभाषा बिनघोर चालते, कारण तेथे सोने नसतेच. ती अडते ती सोन्याच्याच, पण दागिना नसलेल्या वस्तूपाशी. सोन्याचे मनगटी घड्याळ ही अशी वस्तू होय. या वस्तूच्या बाबतीत वरील शब्दांतील मूल्ये जवळजवळ उलटी होतात : हीण हा तिचा आधार ठरतो, उजाळा हा तिचा नाश ठरतो, आणि मुलाम्याच्या बाबतीतही निवाडा वाटतो तितका सरळ राहत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका हा सातपुड्याचा पायथा व पूर्णेचे खोरे यांमधील काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. या भागाची मोठी पेठ खामगाव. जलंबहून खामगावास १८७० साली लोहमार्गाचा फाटा आला तो कापसासाठी. आणि त्याच खामगावची आज चांदीच्या व्यवहारासाठी ख्याती आहे. पीक साधले की पैसा सोन्यात घालावयाचा आणि नापिकीच्या वर्षी तेच सोने 'मोडावयाचे', हा वऱ्हाडातील शेतकरी गृहस्थाचा परंपरागत हिशेब. 'मोडणे' हे क्रियापद येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दागिना विकत नाहीत, मोडतात. आणि मोडताना घडणावळ धरली जात नाही. पाटल्या मोडून गोठ करता येतात, पुतळ्यांची माळ मोडून मुलीला एकदाणी करता येते. मोडणे आणि घडविणे हे एकाच चक्राचे दोन आरे आहेत, आणि दागिन्यापुरते ते चक्र निर्दोष आहे.

घड्याळ मात्र या चक्रात शिरते ते केवळ मोडण्यासाठी. विसाव्या शतकाच्या मध्यास लग्नाच्या याद्यांत घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही त्रयी रूढ झाली. ऐपतदार घरी जावयास 'सोन्याचे घड्याळ' देण्याची भाषा होऊ लागली. फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड अशी स्विस नावे मुंबईच्या पेढ्यांवरून वऱ्हाडापर्यंत पोहोचली. वेस्ट एंडच्या एका घड्याळाचे नावच 'सोवार', म्हणजे आपला 'स्वार', असे होते. परदेशी कारखानदाराने गिऱ्हाइकाची भाषा ओळखली होती. यांतील बहुतेक घड्याळे अर्थातच सोन्याच्या पाण्याची. अस्सल सोन्याची थोडी. आणि ती आज पेटीतून बाहेर येतात तेव्हा त्यांची वाट बहुधा घड्याळजीकडे जात नाही, सराफाकडे जाते. मागचे झाकण उघडले जाते, आतील यंत्र काढून बाजूला ठेवले जाते, उरलेले घर तराजूत पडते. २०२५ साली दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेल्यापासून हा मोह अधिकच सबळ झाला आहे.

सराफाचा हिशेब चूक आहे असे म्हणता येणार नाही. त्याच्या शास्त्रात घडणावळीस मोल नाही, आणि घड्याळ म्हणजे तर जवळजवळ सगळी घडणावळच. ती पारखणारे दुसरे शास्त्र मात्र त्या पेठेत उपलब्ध नाही, आणि मराठीत ते लिहिलेही गेलेले नाही.

प्रथम हिणाचा विचार. भारतीय दागिन्याचे प्रतिष्ठित सोने बावीस कॅरेटचे, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध. स्विस घड्याळाचे सोने बहुधा अठरा कॅरेटचे, ७५० भाग शुद्ध. कित्येकदा चौदा कॅरेटचे, ५८५ भाग. इंग्लंडात तर नऊ कॅरेटचेही, म्हणजे ३७५ भाग. बर्मिंगहॅमच्या डेनिसन या घरे घडविणाऱ्या कारखान्याने नऊ कॅरेटची असंख्य घरे बनविली. बावनकशीच्या संस्कारात वाढलेल्या मनास हा आकडा फसवणुकीसारखा वाटतो. तथापि शुद्ध सोने मऊ असते. त्यावर आटे पाडले तर ते झिजून सपाट होतात, दाबाने बसणारे झाकण आठ-दहा वेळा उघडले की सैल पडते, पट्टा अडकविण्याचे कान वाकतात. यंत्र बिनचूक चालावयाचे तर त्याचे घर आपला आकार धरून राहिले पाहिजे. तांबे आणि चांदी यांच्या मिश्रणाने सोन्यास हे ताठपण येते. तांबे वाढविले की गुलाबी झाक येते, पॅलेडियम किंवा निकेल घातले की सोने पांढुरके होते. म्हणजे हीण हे केवळ बळ नव्हे, ते रंगही आहे. येथे हीण ही उणीव नसून घटक आहे, आणि त्यास 'हीन' म्हणणारी भाषा त्याचे कार्य सांगण्यास असमर्थ ठरते.

भारतीय इतिहासाने या असमर्थतेत भर घातली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास मनाई केली. सोनारांच्या घरच्या चुली थंडावल्या, आणि 'चौदा कॅरेट' हा शब्दप्रयोग जनमानसात सक्तीचा व हलकेपणाचा वाचक झाला. पुढे ती अट गेली, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. परंतु कमी कॅरेटविषयीचा अविश्वास राहिला. उलटपक्षी जून २०२१ पासून दागिन्यांवर शुद्धतेचा छाप टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा ज्या वस्तूंना त्यातून वगळण्यात आले त्यांत घड्याळे आणि झरणीलेखण्या होत्या. घड्याळ हा दागिना नव्हे, हे शासकीय भाषेने मान्य केले आहे. बोलभाषेने अद्याप केलेले नाही.

स्विस घरांच्या आतील बाजूस बारीक छाप असतात. १८८० च्या कायद्यापासून १९९५ पर्यंत अठरा कॅरेटसाठी हेल्वेशियाचे स्त्रीमुख आणि चौदा कॅरेटसाठी खार. त्यानंतर सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे मुख. जिनिव्हाच्या घर घडविणाऱ्या कारागिरांचे चिन्ह किल्लीचे, आणि त्या किल्लीत कारागिराचा क्रमांक. दागिन्याचा छाप केवळ धातूविषयी बोलतो. येथे धातू आणि हात या दोहोंची नोंद आहे. आतल्या झाकणावर आणखी एक लेखन सापडते. ज्या ज्या घड्याळजीने यंत्र उघडून साफ केले, त्याने सुईच्या टोकाने आपली खूण व कित्येकदा तारीख तेथे कोरून ठेवलेली असते. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक जी पुष्पिका लिहितो तिचेच हे भावंड. पोथीच्या पुष्पिकेवरून तिचा प्रवास लावणारा अभ्यासक या ओरखड्यांवरून घड्याळाचा प्रवास लावू शकेल. मुशीत ते सर्वांत आधी जातात.

आता शिल्पाकडे वळावयाचे. दागिन्यात सोने स्वतःचे प्रदर्शन करते. चांगल्या घड्याळात ते रेषेच्या सेवेस लागते. ही गोष्ट तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. लुई कार्तिए याने १९१७ साली योजिलेले 'टँक' हे चौकोनी घड्याळ. त्याच्या दोन उभ्या पट्ट्या तबकडीच्या वरखाली पुढे येतात आणि त्याच पट्ट्यांचे कान होतात. घर व पट्टा यांचा सांधा नावाची वस्तूच येथे उरत नाही. खिशातील घड्याळाला कड्या डकवून मनगटावर बांधण्याचा जो काळ नुकताच होऊन गेला होता, त्याची ओबडधोबड तडजोड या एका युक्तीने संपली. तबकडीवर रोमन अंक, आगगाडीच्या रुळांसारखी मिनिटांची दुहेरी रेघ, निळसर पोलादी काटे, चावीच्या टोकाशी नीलमणी. चाराचा अंक येथे, बहुतेक रोमन तबकड्यांप्रमाणे, चार उभ्या रेघांनी लिहिलेला आढळतो. व्याकरणशुद्ध रूप बाजूस ठेवून समोरच्या आठाच्या अंकाशी तोल साधला जातो, असे त्याचे एक स्पष्टीकरण देतात. लिपीच्या अभ्यासकास हे नवीन नाही. लेखनाचे नियम आणि पृष्ठाची शोभा यांत हस्तलिखितांनीही अनेकदा शोभेचा पक्ष घेतला आहे.

दुसरे उदाहरण १९३१ च्या 'रिव्हर्सो'चे. त्याची जन्मकथा निर्माते भारताशी जोडतात : पोलोच्या खेळात घड्याळाच्या काचा फुटत, म्हणून काच आत वळविता येईल असे घर हवे, अशी मागणी येथील इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. पॅरिसच्या रने-आल्फ्रेद शोव्हो याने मार्च १९३१ मध्ये या सरकत्या, उलटणाऱ्या घराच्या एकस्वासाठी अर्ज केला. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की येथे गरजेतून अलंकार निघाला. उलटलेले घड्याळ म्हणजे धातूचा कोरा पत्रा. त्यावर नाव, मोनोग्राम, मीनाकारीचे चित्र काहीही येऊ शकते. वरखाली असलेल्या तीन-तीन आडव्या रेघा मात्र प्रत्येकावर तशाच असतात, आणि त्या नसत्या तर हा पत्रा निव्वळ डबी दिसला असता. हे घड्याळ पोलादात अधिक स्वाभाविक वाटते, हेही नमूद केले पाहिजे. सरकणारे भाग सोन्यात घडविणे म्हणजे धातूच्या स्वभावाविरुद्ध जाणे. सोन्याच्या प्रतीत कारागिरीची परीक्षा कठीण होते आणि आकृतीत फारशी भर पडत नाही.

तिसरे उदाहरण, आणि या तिघांत श्रेष्ठ, पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या पेढीचे १९३२ चे गोल घड्याळ, क्रमांक ९६. त्याच वर्षी तबकड्या पुरविणाऱ्या श्टेर्न बंधूंनी ही पेढी विकत घेतली. या घड्याळाचा व्यास जेमतेम एकतीस मिलिमीटर, म्हणजे आजच्या रुचीस बालिश वाटावा इतका लहान. सपाट कडे, बारीक खुणा, सहाच्या जागी सेकंदांचे छोटे वर्तुळ. याखेरीज काहीही नाही. सारे कौशल्य कानांत आहे. ते घराला डकविल्यासारखे दिसत नाहीत. घराची बाजू खाली वळत वळत कान होते, आणि ही वळण घेणारी कड जेथे सपाट कड्यास भेटते तेथे प्रकाशाची एक तीक्ष्ण रेषा उभी राहते. घड्याळ हलले की ती रेषा सरकते. त्या रेषेसाठीच सोने वापरले आहे, कारण तिला येणारी ऊब पोलादास येत नाही. वजनाच्या भाषेत या घड्याळात फारसे काही नाही. १९५६ च्या रोलेक्स 'डे-डेट'शी त्याची तुलना करून पाहावी. ते केवळ सोन्यात वा प्लॅटिनममध्ये निघाले, वार पूर्ण अक्षरांत लिहिणारे, सोन्याच्याच जाड कड्यांच्या पट्ट्याचे. ते उत्तम यंत्र आहे, यात शंका नाही. परंतु त्यात सोने पुन्हा वजनाकडे, म्हणजे दागिन्याकडे परतले आहे. भारतीय डोळ्यास ते तत्काळ कळते याचे कारण हेच असावे. क्रमांक ९६ कळावयास वेळ लागतो.

आणि हीच रेषा उजाळ्याने मरते. जुन्या सोन्यावर ओरखडे असतात. ते कापडी चाकावर घासून काढले की वस्तू नव्यासारखी चमकते. परंतु ओरखडा काढणे म्हणजे त्याच्या खोलीइतके सोने सगळीकडून काढणे. दोन-तीन उजाळ्यांत कानांच्या कडा गोल होतात, सपाट कडे उशीसारखे फुगीर दिसू लागते, छापांवरील हेल्वेशियाचे नाक-डोळे पुसले जातात. प्रकाशाची रेषा नाहीशी होते व तिच्या जागी सर्वत्र सारखी झगमग येते. पाटलीस उजाळा दिल्याने पाटलीचे काही जात नाही. घड्याळाचे जे जाते ते परत भरता येत नाही. 'आठवणींना उजाळा' देणाऱ्या मराठी गद्याच्या बाबतीतही असेच काही घडत असते की काय, हा प्रश्न येथे सोडून द्यावा हे बरे.

घराहून अधिक हाल तबकडीचे होतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात यंत्रातील तेल सुकते, काळ्या मातीची बारीक धूळ दाबाच्या झाकणातून आत जाते, घामाची वाफ काचेखाली साचते. तबकडी पिवळी पडते, तिच्यावर ठिपके येतात. मालकास ते ओंगळ वाटते. मग तबकडी धुऊन, तिच्यावरील रंग खरडून नवा दिला जातो आणि अक्षरे पुन्हा छापली जातात. मुंबईत हा व्यवसाय इतका फोफावला की जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत पुन्हा रंगविलेल्या, भलत्याच भागांनी जुळविलेल्या घड्याळास 'मुंबई स्पेशल' हेच नाव पडले. एका शहराच्या नावाने जागतिक शब्दकोशात जावे ते असे!

या तबकड्यांची परीक्षा करण्यास मराठीच्या अभ्यासकाजवळ तयार शास्त्र आहे. ते म्हणजे पाठचिकित्सा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांनी ज्या दक्षतेने मूळ पाठ व प्रक्षेप वेगळे केले, तीच दक्षता येथे लागते. दुरुस्त करणारा हा लेखनिक आहे, आणि लेखनिकाचे सगळे दोष त्याच्या हातून होतात. त्याला नीट न वाचता आलेले अक्षर तो अंदाजाने लिहितो. तबकडीच्या अगदी तळाशी असलेले 'स्विस' हे बारीक अक्षर गाळतो अथवा भलत्या जागी आणतो. सेकंदांच्या वर्तुळातील रेघा मुख्य खुणांशी जुळत नाहीत. मूळच्या बारीक तुऱ्यांच्या अक्षराऐवजी जाड, एकसुरी अक्षर येते. कधी तबकडीच्या कडेला एक खाच सापडते, ती रंगविताना तबकडी नेमकी बसविण्यासाठी पाडलेली. आणि सर्वांत धोकादायक प्रक्षेप तो, जो मूळापेक्षा सुंदर आहे. संग्राहकांना विलक्षण तबकडी हवी असते हे ओळखून जी कधी नव्हतीच अशी चित्रे, चिन्हे व रंग तबकडीवर उतरविले जातात. एच.एम.टी.च्या काही तबकड्यांवर देवनागरी अक्षरे होती. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेला व २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झालेला तो उद्योग संपल्यावर, देवनागरी अंकांच्या 'जुन्या' तबकड्यांची संख्या मात्र वाढतच गेलेली दिसते.

उत्तम कारागिरीने या विध्वंसाविरुद्ध काही तजवीजही केली होती. जुन्या पाटेकच्या तबकडीवरील नाव छापलेले नसे. ते धातूत कोरून, त्या खोबणीत काळी मीना भरून, भट्टीत पक्की केलेली असे. जपून धुतले तरी अक्षर जात नाही. ताम्रपट आणि कागद यांत जो भेद, तोच कोरलेल्या व छापलेल्या तबकडीत. तथापि अजाण हाताने खरडले तर ताम्रपटही उरत नाही.

राहिला मुलामा. संग्रामपूर परिसरात 'सोन्याचे' म्हणून जपलेली बहुसंख्य घड्याळे मुलाम्याचीच असणार. चांगल्या स्विस मुलाम्याची जाडी दहा किंवा वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा अथवा पन्नासावा भाग. खाली पितळ, मागचे झाकण पोलादी, आणि हे सारे झाकणावर कोरून सांगितलेले. यात फसवणूक कोठे आहे? लपविण्याचा हेतू असता तर अक्षरे कोरली नसती. मुलाम्याच्या घराला उजाळा देता येत नाही, कारण दोन फेऱ्यांत सोने जाऊन पितळ दिसू लागते. घड्याळजी हे जाणतो व शक्यतो हात लावीत नाही. त्यामुळे गंमत अशी होते की अशा घड्याळांच्या कडा पुष्कळदा मूळ साच्यातल्याच राहिलेल्या असतात. झीज असते ती मनगटाची : कानांच्या टोकांशी, चावीच्या बाजूला, जेथे सदऱ्याची बाही रोज घासली गेली तेथे.

सराफ अशा घड्याळावर दगड फिरवतो, मान हलवतो आणि ते परत देतो. गिऱ्हाईक काहीसे खजील होऊन ते रुमालात गुंडाळते. घरी आल्यावर घड्याळ पुन्हा त्याच पेटीत, त्याच जागी जाते. बारीक कडा, पिवळी पडलेली मूळ तबकडी, झाकणाच्या आतील घड्याळजींचे ओरखडे, सगळे जसेच्या तसे. शेजारच्या घरचे अठरा कॅरेटचे त्याच दिवशी मुशीत गेलेले असते.